मावसभावाच्या बायकोसाठी जॉइंट स्पॉन्सर व्हायचं का? सही करायच्या आधी एवढं बघा

प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारे मूळचे खानापूरचे, आता डॅलसजवळ असतात, घरात ते, मिसेस आणि दोन लहान मुलं. पगार वर्षाला ९५ हजार डॉलर, ग्रीन कार्ड आहे, पुढच्या वर्षी सिटिझनशिपला अर्ज टाकून मग आई-बाबांना न्यायचं डोक्यात आहे. मावसभाऊ अटलांटाला, तो सिटिझन, स्वतःच्या गाडीवर डिलिव्हरीचं काम करतो, त्याची मोठी बहीण आणि दाजी त्याच शहरात. त्याचं लग्न निपाणीच्या मुलीशी झालंय, आय-१३० (बायकोला नेण्यासाठी नवऱ्यानं करायचा पहिला अर्ज) नुकताच भरलाय. २०२४ च्या रिटर्नवर त्याचं उत्पन्न १९ हजारच दिसतं म्हणून तो यांना म्हणतोय तू को-स्पॉन्सर, म्हणजे जॉइंट स्पॉन्सर हो. मिसेस नको म्हणतात, आणि गावाकडनं आईचा फोन, "नुसती सही तर करायची हाय, आपलाच पोरगा हाय की."

मी टिळकवाडीत बसून तिकडच्या आपल्या लोकांचे अमेरिकेचे टॅक्स रिटर्न करतो, एनरोल्ड एजंट (तिथल्या टॅक्स खात्याचा परवाना असलेला टॅक्सवाला) आहे, आणि रिटर्नच्या मागोमाग ही आय-८६४ ची (आणलेल्या माणसाचा खर्च बघीन अशी हमी स्पॉन्सरनं द्यायचा फॉर्म) फाईल पण लोक माझ्याकडेच घेऊन येतात कारण त्यातले सगळे आकडे रिटर्नवरचेच असतात. वकील नाही. सही करायच्या आधी तिथल्या इमिग्रेशनच्या वकिलाला तासभराची फी देऊन एकदा दाखवाच. पण वकिलासमोर बसण्याआधी काय विचार करून जायचा ते सांगतो.

आय-८६४ हा करार आहे. १९९६ च्या कायद्यानं आणला आणि १९ डिसेंबर १९९७ पासून लागू झाला, त्याआधी जो कागद द्यायचे तो कोर्टात टिकायचा नाही म्हणून हा मुद्दाम टिकेल असा केलाय. करारात एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला अमेरिकन सरकार, आणि पैसे मागायचा हक्क जिला आणताय तिला. मावसभाऊ कुठंय? तो तुमच्याच बाजूला उभा आहे, कारण तुम्ही सही केली तरी त्याला स्वतःचा आय-८६४ भरावाच लागतो, आणि दोघंही पूर्ण रकमेला जबाबदार राहता. अर्धं अर्धं असं काही नसतं, तिनं एकट्या तुमच्यावर दावा लावला तरी चालतो. म्हणजे घरात सगळी चर्चा चाललीय मावसभाऊ चांगला का वाईट, व्यसनी का निर्व्यसनी, लहानपणी सुट्टीत एकत्र वाढलो वगैरे, आणि करार आहे एका अशा मुलीबद्दल जिला तुम्ही लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता टाकताना बघितलं असेल नसेल.

आपल्याकडं सोसायटीत जामीन राहायची सवय आहे म्हणून लोकांना वाटतं हे तसंच. सोसायटीत निदान कर्ज किती, हप्ते किती, संपणार कधी हे पासबुकात असतं. इथं रक्कम लिहिलेली नाही आणि तारीखही नाही.

जबाबदारी संपते कधी ते कायद्यात ठरलेलं आहे. ती सिटिझन झाली की संपते. तिच्या नावावर सोशल सिक्युरिटीचे (तिथल्या सरकारी पेन्शनचे) ४० क्वार्टर, म्हणजे कमाईवर मिळणारे क्रेडिट, जमा झाले की संपते. ग्रीन कार्ड सोडून ती कायमची देश सोडून गेली तर संपते, तिचा किंवा तुमचा मृत्यू झाला तर संपते (तोपर्यंतची थकलेली रक्कम मात्र तुमच्या इस्टेटीकडून मागता येते). आणखी एक डिपोर्टेशनच्या केसमधला फाटा आहे, तो फार क्वचित लागतो, वकील सांगेल. घटस्फोटानं संपत नाही. हे वाक्य पुन्हा वाचा आणि मावशीलापण वाचून दाखवा, कारण नव्वद टक्के लोकांना वाटतं लग्नच मोडलं तर कसली स्पॉन्सरशिप. उलट लग्न मोडल्यावरच ही सही जागी होते, कारण नांदत असतील तर ती कशाला कोर्टात जाईल.

किती पैसे म्हणाल तर कायद्याची पातळी आहे पॉव्हर्टी गाइडलाइनच्या (सरकारनं ठरवलेल्या गरिबीरेषेच्या) १२५ टक्के. २०२५ च्या तक्त्यात एका माणसाला १५,६५० डॉलर, त्याचे १२५ टक्के म्हणजे १९,५६२ डॉलर वर्षाला, महिन्याला साधारण १,६३०. ती एकटी राहत असेल आणि काहीच कमवत नसेल तर तिला एवढ्यापर्यंत आणून ठेवायची जबाबदारी तुमची. ती १२ हजार कमवत असेल तर फरक साडेसात हजाराचा. ती २५ हजार कमवत असेल तर तुम्हाला काहीच द्यायचं नाही. दावा लागला तर वकिलाची फी आणि वसुलीचा खर्चही मागता येतो.

ती धडधाकट असून नोकरी शोधत नसेल तर? शिकागोच्या सातव्या सर्किट कोर्टानं (सर्किट म्हणजे काही राज्यांसाठीचं फेडरल अपील कोर्ट) २०१२ मध्ये सांगितलंय की नोकरी शोधण्याचा प्रयत्न केला नाही म्हणून स्पॉन्सरला सुटका मिळत नाही. नवव्या सर्किटनं २०१६ मध्ये सांगितलं की लग्नाआधी "मी पोटगी मागणार नाही" असा करार केला असला तरी आय-८६४ ची जबाबदारी त्यानं जात नाही. टेक्सास आणि जॉर्जिया या दोन्ही सर्किटांत येत नाहीत, त्यामुळे तुमच्याकडच्या कोर्टाला ते बंधन नाही, पण समोरचा वकील पहिल्यांदा हेच दोन निकाल टेबलावर ठेवणार हे धरून चाला.

सरकारचं काय? तिनं मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्य विमा), फूड स्टॅम्प (अन्नासाठी मदत), एसएसआय (म्हातारे-अपंगांना रोख मदत) असली मदत घेतली तर ती देणारी एजन्सी तुमच्याकडून पैसे मागू शकते. नवीन ग्रीन कार्डवाल्याला बहुतेक फेडरल मदत पहिली पाच वर्षं मिळतच नाही, शिवाय मदत ठरवताना तुमचं उत्पन्न तिचंच म्हणून धरतात, त्यामुळं हा प्रकार कागदावर जितका भीतीदायक दिसतो तितका सहसा घडत नाही. इमर्जन्सीतलं मेडिकेड, मुलांचं शाळेतलं जेवण, लसी, कॉलेजची फेडरल मदत हे यात येतही नाही. खरा प्रश्न दाव्याचाच.

एवढं वाचून तुमच्या मिसेस म्हणतील बघा मी सांगत होते. त्यांचं चुकीचं नाहीच. टेक्सास हे कम्युनिटी प्रॉपर्टीचं राज्य आहे, लग्नानंतरची कमाई दोघांची धरतात, त्यामुळे फॉर्मवर सही तुमच्या एकट्याची असली तरी निर्णय एकट्यानं घेऊन टाकू नका. तुमचं उत्पन्न एकट्याचंच पुरेसं आहे, त्यांचं उत्पन्न मोजायची गरज नाही, म्हणजे त्यांना आय-८६४ए वर (घरातल्या माणसाचं उत्पन्न मिळवायचा फॉर्म) सही करायला लावू नका. जॉइंट रिटर्न भरत असाल तर तुमचं उत्पन्न वेगळं दिसावं म्हणून तुमचा डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा दाखला) जोडायचा.

बसता का ते बघू. जॉइंट स्पॉन्सर व्हायला सिटिझन किंवा ग्रीन कार्ड, वय १८ च्या वर, आणि राहायला अमेरिकेत, एवढं लागतं, नातं लागत नाही. तुमच्या घरची चार माणसं आणि ती एक, पाच. पाच जणांचे २०२५ चे १२५ टक्के ४७,०६२ डॉलर. तुम्ही ९५ वर आहात, प्रश्नच नाही. पण ती एकदा तुमच्या हिशोबात शिरली की तिची जबाबदारी संपेपर्यंत तुमच्या पुढच्या प्रत्येक आय-८६४ मध्ये ती एक माणूस म्हणून मोजली जाते. उद्या आई-बाबांना नेताना तुमचे चार, ते दोन आणि ही एक असे सात, त्याला २०२५ च्या दरानं ६०,८१२ लागतात, ती नसती तर ५३,९३७. आज पगार आहे तोवर हा फरक जाणवत नाही. ले-ऑफमध्ये जाणवतो, आणि तिकडं ले-ऑफ काय असतो ते मी बेळगावातून तुम्हाला सांगायला नको.

बाकी किरकोळ भीती काढून टाका. क्रेडिट स्कोअरवर हे येत नाही. ती तुमची टॅक्समधली डिपेंडंट होत नाही. तिच्या कर्जाला, क्रेडिट कार्डाला, अपघाताला तुम्ही जबाबदार नाही. एक काम मात्र लागतं मागे, घर बदललं की ३० दिवसांत आय-८६५ भरून पत्ता कळवायचा. हे कुणीही करत नाही आणि कुणाला माहीतही नसतं, पण दंड २५० ते २,००० डॉलरचा आहे, आणि ती सरकारी मदत घेतेय हे माहीत असून कळवलं नाही तर ५,००० पर्यंत.

आता मावसभावाकडं येऊ, कारण माझ्या मते अर्धा प्रश्न तिथंच सुटतो. तो कमी कमवतो म्हणून त्याला तुमची सही लागते असं घरात सगळ्यांनी धरलंय. तो खरंच कमी कमवतो का? डिलिव्हरीवाल्यांची रिटर्नं मी बघतो. वर्षात ॲपवरून ४६ हजार आले, गाडी ४० हजार मैल फिरली, २०२४ चा दर मैलाला ६७ सेंट, म्हणजे २६,८०० वजा, खाली उरले १९ हजार नि काही. टॅक्स वाचला म्हणून पोरगं खूश, आणि तोच १९ चा आकडा आय-८६४ मध्ये उत्पन्न म्हणून जाऊन बसतो. धंदेवाल्यांचं सगळ्यांचंच असं आहे, खर्च दाखवताना हात मोकळा आणि स्पॉन्सर व्हायची वेळ आली की डोक्याला हात. आता मागचं रिटर्न फिरवून खर्च कमी दाखवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, खरा खर्च लपवणं हेही चूकच आहे.

पण कायदा चालू उत्पन्न बघतो. आज जर तो कुठं पगारावर लागला, समजा वेअरहाऊसमध्ये तासाला १६ डॉलर, आठवड्याला ४० तास, तर वर्षाचे ३३,२८० होतात. त्याच्या घरात तो आणि ती दोघंच, दोघांना लागतात २६,४३७. झालं की! कंपनीचं पत्र, सहा महिन्यांच्या पे स्लिपा, आणि मागचं रिटर्न कमी का होतं याची दोन ओळींची चिठ्ठी. डिलिव्हरी संध्याकाळी करू दे हवी तर. आणि वेळ आहे त्याच्याकडं, आय-१३० आत्ता कुठं भरलाय, तो मंजूर व्हायला वर्षभर तरी सहज जातं, त्यानंतर फाईल नॅशनल व्हिसा सेंटरला जाते आणि आय-८६४ तिथं लागतो. आज तुमच्याकडं सही मागायची घाई त्याला कुणी लावलीय मला कळत नाही. बहुतेक एजंटानं "सगळे पेपर तयार ठेवा" म्हणून सांगितलं असणार.

नोकरी नको असेल तर बचत आहे का बघा. सिटिझनच्या नवरा-बायकोच्या केसमध्ये उत्पन्न जितकं कमी पडतं त्याच्या तिप्पट मालमत्ता दाखवली की चालतं (ग्रीन कार्डवाला आपल्या बायकोला आणत असेल तर पाचपट). २६,४३७ मधून १९,००० वजा केले की ७,४३७ कमी, त्याची तिप्पट २२,३११ डॉलर. एवढंच. आणि यात तिची स्वतःची मालमत्ता पण धरता येते, निपाणीच्या बँकेतली एफडी सुद्धा, फक्त वर्षभराच्या आत रोख करता आली पाहिजे आणि देशाबाहेर नेता आली पाहिजे. घर असेल तर त्यावरचं कर्ज वजा करून. शेत दाखवायचा विचार लोक करतात, उताऱ्यावर तिचं नाव वडील-भावांबरोबर सामाईक असतं, वाटणी झालेली नसते, ते वर्षभरात विकून डॉलर करणार कसे हे ऑफिसरला पटवता येत नाही, तो नाद सोडा. मावशी-काकांना पोराला खरंच मदत करायची असेल तर पैसे त्याला भेट म्हणून आत्ताच पाठवावेत, इथं राहणाऱ्या माणसाला एलआरएस (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची योजना) खाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. ते पैसे त्याच्या खात्यात त्याचे म्हणून राहिले पाहिजेत. मुलाखतीच्या आठवडाभर आधी आलेले २२ हजार आणि महिन्यानंतर परत गेलेले २२ हजार हा खेळ ऑफिसर रोज बघतात.

तिसरी वाट बहीण-दाजींची. तो जर खरोखर बहिणीच्याच घरात राहत असेल किंवा राहायला जाणार असेल तर बहिणीचं उत्पन्न आय-८६४ए भरून त्याच्यात मिळवता येतं, मग तिलाही माणसांत मोजायचं. ती किंवा दाजी स्वतः जॉइंट स्पॉन्सर पण होऊ शकतात. हे मी मुद्दाम विचारतो प्रत्येकाला: सख्खी बहीण त्याच शहरात असताना फोन टेक्सासला का आला? कधी कारण साधं असतं, त्यांचं उत्पन्न कमी असतं, ते अजून व्हिसावर असतात. कधी मात्र दाजींनी आधीच नाही म्हटलेलं असतं आणि का म्हटलं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं. विचारा. आक्काला सरळ फोन लावा.

एवढं सगळं करूनही कमी पडत असेल तर मग तुमचा नंबर येतो, आणि त्या वेळी कुणाशी बोलायचं? तिच्याशी. माझ्या अनुभवात हे एकही माणूस स्वतःहून करत नाही. मावसभावाशी तासन्‌तास बोलतात, मावशीशी बोलतात, मुलीच्या मामाशी बोलतात, आणि जिच्यासाठी दहा वर्षं अडकणार तिला "कशी आहेस" पलीकडं काही विचारत नाहीत, वाईट दिसतं म्हणून. वाईट काय त्यात? व्हिडिओ कॉल लावा, मिसेसना बरोबर घ्या, आणि विचारा शिक्षण काय, इंग्रजी कितपत, आल्यावर काय करायचं मनात आहे, गाडी शिकणार का. ती इमिग्रंट व्हिसावर उतरली की पहिल्या दिवसापासून काम करू शकते, एच-४ वाल्या (एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांच्या) बायकांसारखं परवान्याची वाट बघत बसावं लागत नाही. आणि तुमची जबाबदारी किती दिवस राहणार हे जवळजवळ सगळं तिच्या कामावर आणि तिच्या सिटिझनशिपवर आहे.

हिशोब बघा. २०२५ मध्ये १,८१० डॉलर कमाईला एक क्वार्टर मिळतो, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे वर्षात ७,२४० डॉलर कमावले की चारही मिळाले. अर्धवेळ नोकरीत होतात तेवढे. लग्न टिकून असेल तर नवऱ्याचे लग्नानंतरचे क्वार्टर पण तिच्या हिशोबात धरतात, मोडलं तर नाही. दुसरी वाट जास्त जवळची, नवरा सिटिझन आहे आणि दोघं एकत्र राहतात तर ग्रीन कार्डनंतर तीन वर्षांनी ती सिटिझनशिपला अर्ज करू शकते, नव्वद दिवस आधीही भरता येतो. लग्न मोडलं तर पाच वर्षं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ती तिथं पोचली तर पहिलं कार्ड दोन वर्षांचं येतं आणि नंतर आय-७५१ (ती दोन वर्षांची अट काढायचा अर्ज) भरावा लागतो, त्यातही तुमची सही पुन्हा लागत नाही आणि पहिली सुटतही नाही.

माझ्याकडच्या दोन फाईली शेजारी ठेवून सांगतो. एकीत मुलगी इथूनच नर्सिंग केलेली, गेल्यावर वर्षभर एका डे-केअरमध्ये कामाला लागली, रात्री अभ्यास करून एनक्लेक्स (तिथली नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा) पास झाली, तीन वर्षं भरली तसा सिटिझनशिपचा अर्ज. स्पॉन्सर चुलत सासरा होता, त्याला आता आठवतही नसेल सही केलेली. दुसरीत मुलगी शिकलेली होती पण सासूचं म्हणणं पडलं की घरात कशाला कमी आहे, कामाला जायचं नाही, गाडी शिकायची नाही, बँकेत नाव नाही. चार वर्षांनी भांडण विकोपाला गेलं, नवऱ्यानं घराबाहेर काढलं, तिच्या नावावर एक क्वार्टर नाही, सिटिझनशिपचा अर्ज त्यानं मुद्दाम भरू दिला नव्हता. शेल्टरमधल्या बाईनं तिला वकील गाठून दिला आणि वकिलानं पहिलं पत्र पाठवलं ते जॉइंट स्पॉन्सरला, म्हणजे नवऱ्याच्या मित्राला, कारण नोकरी आणि घर त्याच्याकडं होतं. तो माझ्याकडं चिडून आला की त्या बाईनं मला फसवलं. मी त्याला म्हटलं बाईनं काय फसवलं, ती परक्या देशात रस्त्यावर आली तर तिला काहीतरी आधार असावा म्हणूनच तर हा कागद केलाय. शेवटी दरमहा काही रक्कम ठरवून मिटवलं. त्याचा आणि त्या नवऱ्याचा आता संबंध नाही.

म्हणून निपाणीच्या मुलीनं "मला काम करायचंय" म्हटलं आणि मावसभाऊ शेजारी बसून मान डोलावत असला तर ते तुमच्यासाठी त्याच्या दहा शपथांपेक्षा मोठं आहे. आणि तिनं बोलायच्या आधीच तो "तिला काय गरज आहे" म्हणाला, किंवा कॉलवर तिला पुढंच येऊ दिलं नाही, तर मी सही करणार नाही. पगार कितीही असो.

मावसभावाकडून वेगळं लिहून घेता येतं का असंही काहीजण विचारतात, की पुढे मला काही भरावं लागलं तर तू मला परत देशील. घेता येतं, वकिलाकडून करून घ्या, पण त्याच्याजवळ पैसे असते तर तो तुमच्या दारात आलाच नसता. आणि असला कागद तुमच्या दोघांतला, तिला किंवा सरकारला त्याचं काही देणंघेणं नाही.

मन बदललं तर मागे येता येतं, पण वेळेत. मुंबईच्या कॉन्सुलेटनं व्हिसा देण्याआधी लेखी कळवलं तर सही काढून घेता येते. ती व्हिसावर उतरून ग्रीन कार्डवाली झाली की संपलं, मग कुणाला पत्र लिहून उपयोग नाही. व्हिसा नाकारला गेला तर तुमच्यावर काहीच येत नाही.

कागद तुमच्या बाजूनं फार नाहीत. तुमचा आय-८६४, ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, आयआरएसचं (टॅक्स खात्याचं) शेवटच्या वर्षाचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे रिटर्नचा उतारा, डब्ल्यू-२, अलीकडच्या पे स्लिपा. नोटरी लागत नाही, कुणी नोटरीचे पैसे मागितले तर देऊ नका. फॉर्मवर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे म्हणून मुलं किती, आधी कुणाला स्पॉन्सर केलंय का हे नीट भरा. गाइडलाइन दरवर्षी बदलते, भरायच्या दिवशी आय-८६४पी मधला ताजा तक्ता बघा, माझे वरचे आकडे २०२५ चे आहेत.

खरा वेळ जातो तो मुलीच्या कागदांत, आणि आपल्या सीमाभागातल्या पोरींचे कागद म्हणजे दोन राज्यांची खिचडी. जन्म आजोळी कोल्हापुरात म्हणून दाखला मराठीत महाराष्ट्राचा, शाळेचा दाखला निपाणीचा कन्नडमध्ये, लग्न गडहिंग्लजच्या हॉलमध्ये, एका कागदावर आडनाव पुढे, दुसऱ्यावर नुसतं इनिशियल, एकावर बेळगाव आणि २०१४ नंतरच्यावर बेळगावी. शहराच्या नावाचा कुणी प्रश्न काढत नाही, नावाच्या स्पेलिंगचा काढतात. मराठी आणि कन्नड दोन्हींचं सर्टिफाइड इंग्रजी भाषांतर लागतं. हे काम आत्ता सुरू करा म्हणावं, तुमच्या सहीपेक्षा त्याची घाई जास्त आहे.

कॅनडा आणि युकेवाल्यांनी हे सगळं आपल्याला लावून घेऊ नये. कॅनडात बायकोला नेताना सहसा उत्पन्नाची किमान अट नसते, जबाबदारी तीन वर्षांची असते आणि को-साइनर म्हणून मावसभाऊ चालत नाही. युकेमध्ये ११ एप्रिल २०२४ पासून २९ हजार पौंडांची अट आहे, आणि पगार कमी पडतोय म्हणून नातेवाइकानं मी बघतो म्हटलेलं तिथं चालत नाही.

आणखी एक. गावाकडं काही एजंट पैसे घेऊन अनोळखी स्पॉन्सर आणून देतो म्हणतात. मावसभावाला कुणी तसं सुचवलं असेल तर लांब राहा म्हणावं. खोटे कागद निघाले तर फाईल जाते आणि मुलीच्या नावावर कायमचा शिक्का बसतो.

तर तुमच्या जागी मी असतो तर आज ना हो म्हटलं असतं ना नाही. मावसभावाला सांगितलं असतं की पगाराची नोकरी धर, सहा महिन्यांनी पे स्लिपा पाठव, आक्काशी मी बोलतो, आणि फाईल नॅशनल व्हिसा सेंटरला गेल्यावरही कमी पडलं तर बघू. द्यायची इच्छाच नसेल तर ते मात्र आत्ताच सांगा, आय-१३० मंजूर झाल्यावर नको, तोवर तो तुमच्या भरवशावर डिलिव्हरीच करत बसेल. आईला फोनवर कायदा समजावत बसू नका, त्यांना एवढंच विचारा की निपाणीच्या पोरीला महिन्याला दीड लाख रुपये दहा वर्षं द्यायचे झाले तर बाबा कुठल्या सोसायटीतनं काढणार. १,६३० डॉलरचे साधारण तेवढेच होतात.